कासदाहाच्या नमुन्यातील जिवाणूची जाती जनुकक्रमावरून कशी ओळखावी

आरे किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यातून आलेल्या म्हशीच्या दुधातील रोगकारक जिवाणू बहुधा ग्रॅम रंजन, कॅटालेज, कोॲग्युलेज अशा नेहमीच्या चाचण्यांवरूनच ओळखता येतो, त्यामुळे सरसकट प्रत्येक नमुन्याचे सीक्वेन्सिंग (जनुकक्रमाचे वाचन) करणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नसतील, किंवा स्ट्रेप्टोकॉकस उबेरिस आणि पॅराउबेरिस यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायच्या असतील, तेव्हा १६एस आरआरएनए या, सर्व जिवाणूंत असणाऱ्या पण जातीनुसार थोड्या बदलणाऱ्या जनुकाकडे वळावे.

सारी भिस्त शुद्ध कल्चरवर, म्हणजे एकाच जिवाणूच्या वाढीवर असते. सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून देऊन नमुना निर्जंतुक नळीत घ्यावा आणि बर्फातच प्रयोगशाळेत आणावा. मुंबईच्या उकाड्यात तो तासभर तसाच राहिला, तर उपरे जिवाणूच झपाट्याने वाढतात. ब्लड अगारवरील (रक्तमिश्रित वाढमाध्यमावरील) एकच सुटी वसाहत, म्हणजे जिवाणूंचा एक ठिपका उचलून ती नव्या प्लेटवर पुन्हा वाढवावी. दोन जिवाणूंची सरमिसळ राहिल्यास क्रोमॅटोग्राममध्ये (वाचलेल्या क्रमाच्या आलेखात) एकावर एक शिखरे दिसतात आणि पुढची सारी मेहनत वाया जाते. गर्भपाताच्या नमुन्यात बारीक ग्रॅम-ऋण जिवाणू दिसून ब्रुसेलाची (जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जिवाणूची) शंका आली, तर ते कल्चर उघड्या टेबलावर हाताळू नये. योग्य जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावे.

थोडी वसाहत निर्जंतुक पाण्यात मिसळून सुमारे १०० अंश सेल्सिअसला १० मिनिटे उकळावी आणि सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण डीएनए म्हणून वापरावे. स्टॅफिलोकॉकसची भिंत जाड असल्याने तेथे ती फोडणारे लायसोस्टॅफिन हे एन्झाइम वापरणे श्रेयस्कर. २७एफ आणि १४९२आर या प्राइमरांनी (प्रत कोठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) पीसीआर, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया केल्यावर जेलवर सुमारे १,५०० बेसजोड्यांचा एकच पट्टा दिसला पाहिजे. डीएनए न घातलेली नियंत्रण नळी कधीही गाळू नये, कारण या प्रती काढणारे टॅक एन्झाइम स्वतःच बहुधा ई. कोलायमध्ये तयार केलेले असते आणि त्यातील जिवाणू-डीएनएचा अंशही हे प्राइमर वाढवतात.

सँगर पद्धतीने एका दिशेने साधारण ७०० ते ८०० बेसच खात्रीने वाचता येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचन करावे, टोकांचा अस्पष्ट भाग छाटावा आणि मगच ब्लास्ट या संगणकीय साधनात नोंदलेल्या क्रमांशी तुलना करावी. जेनबँक या क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने नोंदलेले क्रमही आहेत, तेव्हा यादीतील पहिल्या नावावर न विसंबता टाइप स्ट्रेनशी (त्या जातीच्या अधिकृत संदर्भ-जिवाणूशी) किती साम्य आहे तेच पाहावे. साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य असेल, तर जातीचे नाव देऊ नये.

मात्र त्याहून अधिक साम्य असले म्हणजे जात ठरलीच, असे नव्हे, आणि नेमके येथेच घाईचे अहवाल फसतात. बॅसिलस अँथ्रासिस व सेरियस, ई. कोलाय व शिगेला, तसेच ब्रुसेलाच्या प्रमुख जाती १६एसवरून वेगळ्या होत नाहीत. कुत्र्याच्या त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमेडियस ही २००५ साली वर्णिलेली जाती इंटरमेडियसपासून वेगळी करण्यासाठीही दुसरे जनुक लागते. अशा वेळी आरपीओबी, टफ किंवा सोडए यांपैकी त्या गटाला लागू पडणारे जनुक वाचावे. तेही शक्य नसेल, तर अहवालात ‘बॅसिलस सेरियस गट’ इतकेच लिहून साम्याची टक्केवारी, वाचलेली लांबी आणि तुलनेचा टाइप स्ट्रेन नमूद करावा. प्रतिजैविक संवेदनक्षमता चाचणी त्याच कल्चरवर समांतर लावावी. १६एस क्रमातून औषध कोणते लागू पडेल हे कळत नाही आणि तबेलेवाल्याला आधी उत्तर त्याचेच हवे असते.