इंडस्ट्रियल इकॉलॉजीच्या परिषदेला निघण्याआधी

इंडस्ट्रियल इकॉलॉजी म्हणजे उद्योगांतून जाणाऱ्या माल, पाणी आणि ऊर्जेच्या ओघांचा अभ्यास. इंटरनॅशनल सोसायटी फॉर इंडस्ट्रियल इकॉलॉजीची 2023 ची परिषद नेदरलँड्समधल्या लायडनला भरली होती. युरोपातल्या अशा एखाद्या परिषदेला साखर कारखान्याचा अभ्यास घेऊन जायचं असेल, तर पहिले काही आठवडे फक्त मालाच्या ताळेबंदाला द्यावेत. इथले श्रोते निष्कर्ष नंतर वाचतात. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वजन जुळतं का, हे आधी बघतात.

उसाचा ताळेबंद बहुतेक वेळा पाण्यावरच घसरतो. गिरणीवर इम्बिबिशनचं, म्हणजे चोथ्यातला उरलेला रस काढण्यासाठीचं, पाणी मारलेलं असतं. 100 टन उसावर 30 टन पाणी आणि बाहेर 30 टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, धरलं, तर मिश्र रस 100 टन भरतो. पाण्याची नोंद राहून गेली की 100 टन उसातून 130 टन माल निघाल्यासारखं दिसतं. पुढे 4 ते 4.5 टन मळी (मोलॅसिस), 3 ते 4 टन प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि साखर वजा केल्यावर जे उरतं ते मुख्यतः बाष्पीभवनाचं पाणी. त्यातलं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन मिळालेलं पाणी, पुन्हा कारखान्यातच वापरलं जातं, म्हणून ते अंतर्गत चक्रात दाखवावं. नवीन पाणी म्हणून परत मोजू नये. बगॅसमध्ये साधारण 50 टक्के ओलावा असतो. कोरड्या बगॅसचं उष्णतामूल्य ओल्या वजनाला लावलं की को-जनची (बगॅस जाळून केलेली) वीज कागदावर जवळजवळ दुप्पट होते. ही चूक आकृतीत लपते, तक्त्यात लगेच सापडते. त्यामुळे प्रत्येक ओघापुढे ‘ओलं’ की ‘कोरडं’ ते लिहावं.

कालावधीचंही तसंच. गळीत हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत पसरतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे उत्सर्जन गुणांक (विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) आर्थिक वर्षाचे असतात. कोणता गुणांक कोणत्या हंगामाला लावला ते स्लाइडवरच असावं.

साखर, मळी आणि वीज यांच्यात पर्यावरणाचा भार कसा वाटला, हा प्रश्न हमखास येणार. वजनावर वाटप केलं असेल तर किमतीवरचं उत्तरही शेवटच्या राखीव स्लाइडवर ठेवावं. इकोइन्व्हेंट हा पर्यावरणीय आकडेवारीचा डेटाबेस वापरला असेल तर आवृत्ती आणि सिस्टिम मॉडेल (भारवाटपाची पद्धत), म्हणजे कट-ऑफ की दुसरं काही, हे सांगावंच लागतं. कारखान्याचं नाव दाखवायला लेखी परवानगी नसेल तर ‘कारखाना अ’ लिहिलेलं बरं.

कलुनबोर्ग हे डेन्मार्कमधलं गाव, जिथे एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो. त्याचं जुनं चित्र पहिल्या स्लाइडवर टाकायचा मोह टाळावा. तिथलं वीजकेंद्र आता कोळशाऐवजी लाकडी चिप्सवर चालतं, त्यामुळे कोळशाच्या धुरातून गंधक काढताना मिळणाऱ्या जिप्समची पाठ्यपुस्तकातली गोष्ट जुनी झाली आहे. हे जाणणारी माणसं सभागृहात असतात.

पोस्टर असेल तर ए-झीरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर; उभं की आडवं ते सूचनापत्रात बघावं, कारण आडवं पोस्टर उभ्या बोर्डाच्या बाहेर लटकतं. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत जातं आणि पोस्टरच्या नळीवरून विमानात वाद होत नाही. सँकी आकृतीत (ओघ बाणांच्या जाडीने दाखवणाऱ्या) टन आणि मेगावॅट-तास एकाच जाडीच्या मापात मिसळू नयेत. ऊर्जेसाठी वेगळी आकृती काढावी.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मात्र उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून स्वीकृतीपत्र आलं की लगेच लागावं. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि परिषदेच्या नोंदणीत ते गाळलं जातं. निमंत्रणपत्र मागताना पासपोर्टवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं द्यावं.

कारखाना भेट असेल तर बंद बूट आणि पूर्ण पँट लागते. सँडलवाल्याला गेटवरच थांबवतात. आपल्याकडची तीन गोल पिनांची लॅपटॉपची वायर तिथल्या सॉकेटात बसत नाही, तेव्हा अडॅप्टर हातातल्या बॅगेत ठेवावा. प्रवास अनुदान घेतलं असेल तर बोर्डिंग पास फेकू नयेत, बिलासोबत ते मागतात.