कार्डिओप्लेजिया देताना या चुका टाळा

हृदयाच्या शस्त्रक्रियेत एऑर्टावर (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीवर) क्लॅम्प लागतो, कार्डिओप्लेजिया म्हणजे हृदय थांबवणारं औषध सुरू होतो, मॉनिटरवरची रेघ सपाट होते आणि नव्या परफ्यूजनिस्टचा (हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्याचा) जीव भांड्यात पडतो. पहिली चूक इथेच होते. रेघ सपाट झाली म्हणजे औषध सगळ्या स्नायूपर्यंत पोचलं असं नव्हे. पूर्ण डोस जाऊ द्या आणि उजवा कप्पा अजून वळवळतोय का, ते सर्जनना विचारा.

गळक्या एऑर्टिक झडपेत तर फारच जपायला हवं. रूटमध्ये, म्हणजे एऑर्टाच्या मुळाशी, दिलेलं औषध कोरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत) न शिरता मागे डाव्या कप्प्यात उतरतं. पंपावर फ्लो ठीक दिसतो, पण रूटचा दाब चढत नाही, हृदय थांबत नाही. सर्जननी हात घातला तर मऊ लागायला हवं ते हृदय टणक, तट्ट फुगलेलं लागतं. ताणलेल्या भिंतीत आतल्या थराच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि इजा तिथूनच सुरू होते. अशा वेळी फ्लो वाढवू नका. थांबा, तोंडाने सांगा, व्हेंटने (रक्त ओढून घेणाऱ्या नळीने) कप्पा रिकामा होऊ द्या. मग एऑर्टा उघडून थेट कोरोनरीच्या तोंडात, किंवा कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या स्नायूतलं रक्त गोळा करणाऱ्या शिरेतून) उलट दिशेने डोस द्या. सायनसचा दाब ४० मिमी पाऱ्याच्या वर नेऊ नका. दाब अजिबात चढत नसेल तर कॅथेटर निसटलाय. तो फार आत गेला असेल तर उजवा कप्पा उपाशी राहतो.

दुसरा गैरसमज बर्फाचा. हृदय थांबलं की त्याची प्राणवायूची गरज सुमारे ९० टक्क्यांनी उतरते. थंडीची मदत त्यानंतरची. औषध कमी पडलं तर बर्फाने ते भरून निघत नाही. उलट खडे डावीकडे साचले तर फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) गारठते आणि पेशंट व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत नाही. हृदय थांबवणाऱ्या पोटॅशियमचंही तसंच, जास्त म्हणजे चांगलं नव्हे. १९५५ मध्ये मेलरोज यांनी वापरलेलं पोटॅशियम सायट्रेट इतकं तीव्र होतं की स्नायूलाच इजा झाली आणि ही पद्धत काही वर्षं मागे पडली.

घड्याळाचा घोळ मात्र रोजचा. थंड ब्लड कार्डिओप्लेजिया (रक्तात मिसळून दिलेलं औषध) साधारण दर २० मिनिटांनी लागतो. डेल निडो हा कार्डिओप्लेजियाचा दुसरा प्रकार वजनाच्या किलोमागे २० मिली, एकदाच, बहुधा तासभर पुरतो. एका औषधाची वेळ दुसऱ्याला लावू नका; डोसची वेळ मोठ्याने सांगा, लिहून ठेवा.

क्लॅम्प निघाल्यावर लगेच कॅल्शियम देऊ नका. हृदयाला काही मिनिटं रिकामं धडधडू द्या.