चक्रीवादळाचा डोळा वर्गात दाखवायचा असेल तर

मे महिना किंवा ऑक्टोबर आला, समुद्रात कुठंतरी वादळ उठल्याची बातमी आली, की पोरं प्रयोगशाळेच्या दाराशी येतात. "मॅडम, एवढ्या वादळाच्या मधोमध शांत कसं काय असतं?" मी सोलापुरातल्या एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. शिकवायचं काम शिक्षकांचं, पण कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं, म्हणून प्रश्नही माझ्याकडंच येतात.

त्या शांत जागेला वादळाचा डोळा म्हणतात. पोरांच्या प्रश्नावर ठरलेलं एक उत्तर आहे: मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, म्हणून शांत. हे उत्तर कृपा करून देऊ नका. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडं जातो हे आपणच पोरांना शिकवलेलं असतं. मग जिथं दाब सगळ्यांत कमी, तिथं वारा सगळ्यांत जास्त हवा की! बोलकं पोर असेल तर हे तोंडावर विचारतं, गप्प पोर असेल तर मनात ठेवून विज्ञानावरचा विश्वास थोडा कमी करून घेतं.

खरं तर इथं दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. वारा मधोमध पोचत का नाही, हा एक. आणि तिथं ढग का नसतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर फिरण्यात आहे, दुसऱ्याचं हवेच्या खाली उतरण्यात. दोन्ही एकाच तासात कोंबू नका. सामानही वेगळं लागतं.

पहिल्या प्रश्नाला एक फिरती खुर्ची, पाण्यानं भरलेल्या लिटरभराच्या दोन बाटल्या आणि एक जुनी बादली पुरते. पोराला खुर्चीवर बसवा, दोन्ही हातांत बाटल्या द्या, हात लांब पसरायला सांगा आणि हळू गिरकी द्या. मग म्हणा, "हात छातीशी घे." खुर्ची एकदम जोरात फिरते. गिरकी हळूच द्या. हात आत घेतल्यावर वेग किती वाढतो याचा अंदाज पहिल्यांदा कुणालाच येत नाही. चाकांची खुर्ची असेल तर दोघांनी पाय धरून ठेवावेत. कुणीही ढकललेलं नसताना वेग वाढला, एवढंच पोरांच्या डोक्यात बसलं की झालं. फिरणारी वस्तू मध्याकडं सरकली की तिचा वेग वाढतो.

आता बादली. तळाला मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पाडा, बूच लावा, दोन स्टुलांच्या मधल्या फटीवर ठेवा आणि खाली दुसरी बादली ठेवा. पाऊण बादली पाणी भरून हातानं गोल ढवळा. वर भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल सालं टाका. सोलापुरात शेंगाचटणीच्या कृपेनं ती कुठल्याही घरी मिळतात, आणि थर्माकोलच्या गोळ्यांसारखी कडेला चिकटून बसत नाहीत. बूच काढा. कडेची सालं आरामात फिरत राहतात, आतली पळायला लागतात आणि मधोमध पाण्यात एक पोकळी तयार होते. भोवती पाण्याची भिंत, आत नुसती हवा. इथं थांबा आणि विचारा: भोक मधे आहे, पाण्याला तिकडंच जायचंय, मग मधली जागा भरून का येत नाही?

उत्तरासाठी फळ्यावर थोडी आकडेमोड करा. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण आठवीच्या गणितात बसतो. केंद्रापासून २०० किलोमीटरवर वारा सेकंदाला १० मीटर वेगानं गोल फिरतोय असं धरा. घर्षण सोडून द्या, पृथ्वीचं फिरणंही बाजूला ठेवा, ढोबळ हिशोब आहे. १०० किलोमीटरवर तो २० होईल, ५० वर ४० आणि २५ वर ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. आता कुठलीही वस्तू गोल फिरत ठेवायला तिला आत ओढून धरावं लागतं, आणि ती ओढ वेगाच्या वर्गाला अंतरानं भागून मिळते. अंतर निम्मं झालं की वेग दुप्पट, त्याचा वर्ग चौपट, आणि भागायचं निम्म्यानं. म्हणजे ओढ आठपट! २०० वरून २५ किलोमीटरवर येताना अंतर तीनदा निम्मं होतं, म्हणजे ५१२ पट ओढ लागते.

ही ओढ कोण देतं? मधला कमी दाब. पण त्याचीही ताकद मर्यादित आहे. एका अंतरापाशी दाबाची ओढ आणि बाहेर फेकलं जाणं यांची बरोबरी होते, आणि वाऱ्याला त्याहून आत शिरता येत नाही. खालून, समुद्राच्या पृष्ठभागाला घासत आत आलेली दमट हवा तिथं अडते आणि वर चढते. ही झाली डोळ्याची भिंत. सगळ्यांत जोराचा वारा आणि सगळ्यांत मुसळधार पाऊस इथंच. कमी दाब वाऱ्याला बोलावतो, आणि वाऱ्याचं स्वतःचं फिरणंच त्याला दारात अडवतं.

भिंतीच्या आत जी हवा राहते ती जात्यासारखी फिरते: कडेला वेग जास्त, मधल्या खिळ्याकडं कमी, अगदी मधोमध जवळजवळ शून्य.

बादली दाखवून झाली की तिचा खोटेपणाही सांगून टाका, नाहीतर पोरं तोच पाठ करतात. बादलीत पाणी भिंतीपाशी खाली जातं; वादळात भिंतीपाशी हवा वर जाते. आणि बादलीतलं पाणी कुठल्या बाजूनं फिरेल ते तुम्ही कसं ढवळलं यावर ठरतं. उत्तर गोलार्धात चक्रीवादळं घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात ती पृथ्वीच्या परिवलनामुळं, पण तो परिणाम शेकडो किलोमीटरच्या वादळाला जाणवतो, बादलीला नाही. मोरीत पाणी अमुकच दिशेनं फिरतं असले व्हिडिओ पोरांनी पाहिलेले असतात. ते आत्ताच निकालात काढा.

दुसऱ्या दिवशी बाटली. ढग का नाहीत, याचं उत्तर या बाटलीत अक्षरशः दिसतं, म्हणून हा प्रयोग मी कधी गाळू देत नाही. शीतपेयाची मोठी प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची अजिबात नको. तळाला दोन बोटं कोमट पाणी घालून हलवा. पेटवलेली अगरबत्ती विझवून तिचा थोडासा धूर आत जाऊ द्या आणि झाकण घट्ट लावा. मागं काळा कागद धरा, बाजूनं बॅटरीचा उजेड टाका. बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबा, चारपाच सेकंद धरून ठेवा आणि पटकन सोडा. आत धुकं दाटतं. पुन्हा दाबा, धुकं गायब. सोडा, पुन्हा हजर.

धूर भरमसाट घालू नका. मग धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नाही, आणि मागच्या बाकावरून "मॅडम, हा अगरबत्तीचाच धूर आहे" असं ऐकू येतं. शंका आली तर बाटली दाबून दाखवा: नुसता धूर दाबल्यानं नाहीसा होत नाही.

हवा पसरली की थंड होते, वाफेचे थेंब होतात. हवा दाबली गेली की तापते, थेंबांची परत वाफ होते. डोळ्याच्या भिंतीत हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, थंड होते, ढग आणि पाऊस. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पोचल्यावर यातली बरीचशी हवा बाहेरच्या बाजूला पसरते, पण थोडी आत वळते आणि डोळ्यात सावकाश खाली उतरते. खाली दाब जास्त, म्हणून ती दाबली जाते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे १० अंश सेल्सिअसनं तापते. तापलेल्या कोरड्या हवेत ढग टिकत नाही, म्हणून डोळ्यात वर निळं आकाश किंवा चांदण्या दिसतात. तळाशी समुद्रालगत थोडे ढग राहतात, हेही सांगा. डोळा म्हणजे पुसून लख्ख केलेलं भोक नव्हे.

ती हवा उतरते कशाला, असं कुणी विचारलं तर शाबासकी द्या. भिंतीतलं फिरणं खाली जोरात आणि वर मंद असतं. म्हणून मधला दाब खालच्या थरांत जास्त घटतो आणि वरची हवा खाली खेचली जाते. उतरताना ती तापते, तापल्यानं हलकी होते, आणि समुद्रपातळीवरचा दाब आणखी घटतो. सुरुवातीचं ते ठरलेलं उत्तर इथं उलटं होतं: डोळ्यातला इतका कमी दाब हे बऱ्याच अंशी तिथल्या उबदार हवेचं फळ आहे.

दाबाचा विषय निघाला की कुणीतरी मोबाइलमधलं दाबमापक उघडतं आणि ९५५ ते ९६० हेक्टोपास्कल बघून घाबरतं, कारण समुद्रावर हा आकडा मोठ्या वादळाचा असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, म्हणून आपला रोजचाच आकडा असा. काळजी नको.

एप्रिलमध्ये मैदानावर उठणारी वावटळ दाखवून "हे छोटं चक्रीवादळ" म्हणायचा मोह आवरा. वावटळ तापलेल्या जमिनीवर जगते आणि मिनिटांत संपते. चक्रीवादळ जगतं समुद्राच्या वाफेवर, त्याला साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागतं. म्हणूनच ते जमिनीवर आलं की मरायला लागतं. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला, तेलंगणातून आपल्याकडं आला आणि १४ तारखेला सोलापूर जिल्ह्याला झोडपून गेला. पंढरपुरात भीमेचा पूर सगळ्यांना आठवतो. पोरं विचारतात, तेव्हा डोळा का नाही दिसला? कारण मुळात फिरणं तेवढं जोराचं कधीच नव्हतं. स्पष्ट डोळा साधारणपणे वारा ताशी ११८ किलोमीटरच्या पुढं गेला, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अति तीव्र चक्रीवादळ झालं, की मगच दिसतो. पाऊस पाडायला मात्र डोळा लागत नाही.

एक सूचना, विशेषतः ज्यांचे नातेवाईक किनाऱ्यावर राहतात त्यांच्यासाठी. डोळा डोक्यावर असताना बाहेर पडायचं नाही. समोरची भिंत आली की वारा उलट्या दिशेनं तडाखा देतो, आणि पहिल्या वाऱ्यानं खिळखिळी झालेली झाडं-पत्रे दुसऱ्यात जातात. समुद्रावर तर डोळ्यातही शांतता नसते: वारा पडलेला, पण सगळ्या बाजूंनी आलेल्या लाटा एकमेकींवर आपटत असतात. विमानानं डोळ्यात शिरणं तुलनेनं सोपं म्हणायचं. २७ जुलै १९४३ ला टेक्सासच्या किनाऱ्यावर अमेरिकी वैमानिक जोसेफ डकवर्थ यांनी प्रशिक्षणाच्या छोट्या विमानातून ते केलं, आणि हवामान अधिकाऱ्याला घेऊन त्याच दिवशी पुन्हा केलं.

प्रयोग संपल्यावर खरं चित्र दाखवा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची अवरक्त चित्रं असतात. त्यात थंड ते पांढरं आणि उबदार ते काळं दिसतं, त्यामुळं पांढऱ्या गोल ढगात काळा ठिपका शोधायचा. सरावाला १७ मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळाचं चित्र घ्या, गुजरातच्या किनाऱ्याकडं जाताना. ठिपका नसेल तर वादळ दुबळं आहे असं लगेच म्हणू नका; कधी वरच्या ढगांनी तो झाकलेला असतो.

मग मोजा. चित्रावर अक्षांशांच्या रेघा असतात. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. बहुतेक डोळे ३० ते ६५ किलोमीटर रुंद भरतात. सरळ रेषेत धरलं तर लहान डोळा सोलापूर ते अक्कलकोट, मोठा सोलापूर ते पंढरपूर. २००५ च्या विल्मा वादळाचा डोळा तर जेमतेम पावणेचार किलोमीटरचा होता. पोरांना पट्टी द्या, आणि काळ्या ठिपक्याची कड कुठं धरायची यावर त्यांना भांडू द्या.