पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधताना या चुका टाळा

माझी भाची आठवीत आहे. परवा मोबाईलवर कोडं सोडवताना शेवटी ई आणि त्याच्या आधी जी, एवढं तिला सापडलं होतं. सुरुवातीचं बीसुद्धा पक्कं होतं. तरी दहा मिनिटं अडली. उत्तर निघालं ‘बॅज’. रोज शाळेच्या शर्टाला बॅज लावणारी मुलगी, पण त्यात डी असेल हे तिच्या मनात आलं नाही, कारण तो डी कानाला ऐकूच येत नाही.

आपल्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात. मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. ‘महाराष्ट्र’ चार चौकोनांत मावतो, ‘ष्ट्र’ला एकच घर पुरतं. लहानपणापासून ही सवय असल्यामुळे इंग्रजी शब्दही आपण कानाने मोजतो. ‘फोटो’ दोन अक्षरी वाटतो, पण पी-एच-ओ-टी-ओ अशी त्याची पाच घरं भरतात. म्हणून शब्द आठवला की आधी कागदावर पाच चौकोन काढा आणि स्पेलिंग एकेका घरात लिहून बघा.

न ऐकू येणारी अक्षरं वेगवेगळी पाठ करू नका, त्यांची कुटुंबं ओळखा. शेवटी ‘ज’ ऐकू आला की डी-जी-ई तपासा: बॅज, जज, लॉज हे तिन्ही पाच अक्षरी आहेत. सुरुवातीला ‘ग’ आला की मागे यू लपलाय का बघा: गेस म्हणजे अंदाज, गेस्ट म्हणजे पाहुणा, गाइड म्हणजे वाटाड्या. ‘न’च्या आधी के असू शकतो: नाइफ म्हणजे चाकू, नॉक म्हणजे दार ठोठावणं. ‘डाउट’मधला बी तर भल्याभल्यांना चकवतो.

एकच उच्चार आणि वेगळे शब्द, ही दुसरी गल्लत. आपण ‘वेस्ट’ म्हणतो तेव्हा पश्चिम, बंडी, वाया घालवणं आणि कंबर यांतलं काहीही असू शकतं. त्यातले पाच अक्षरी दोनच. वाया घालवणं म्हणजे डब्ल्यू-ए-एस-टी-ई आणि कंबर म्हणजे डब्ल्यू-ए-आय-एस-टी. पश्चिम आणि बंडी चार अक्षरीच, त्यातली बंडी व्हीने सुरू होते. अर्थ डोक्यात पक्का असला तर स्पेलिंग घसरत नाही, म्हणून शब्दांची यादी करताना शेजारी अर्थ लिहायलाच हवा.

आता ‘वर्डल’बद्दल थोडं सविस्तर, कारण सध्या पाच अक्षरी शब्द शोधणारे बरेचजण तिथूनच येतात. सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा हा ऑनलाइन खेळ. तुम्ही टाकलेल्या शब्दातलं अक्षर योग्य घरात असलं की हिरवं होतं, शब्दात असून घर चुकलं तर पिवळं, आणि शब्दात नसलं तर राखाडी. जॉश वॉर्डल या प्रोग्रामरने हा खेळ २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. इंग्रजीतल्या सुमारे १२,००० पाच अक्षरी शब्दांतून ओळखीचे साधारण २,५०० शब्द निवडण्याचं काम वॉर्डलची जोडीदार पलक शहा हिने केलं होतं. त्यामुळे उत्तरासाठी शब्दकोशातले अगम्य शब्द उकरत बसू नका. उत्तर बहुतेक वेळा तुम्ही ऐकलेलंच असतं.

इथे सगळ्यात जास्त फसवतं ते दोनदा आलेलं अक्षर. समजा उत्तर ‘प्लेट’ आहे आणि तुम्ही ‘ॲपल’ टाकलंत. पहिला पी पिवळा होतो आणि दुसरा राखाडी. राखाडी दिसला की लोक पी कायमचा खोडून टाकतात, आणि मग उत्तर सापडणं शक्यच नसतं. त्या राखाडीचा अर्थ एवढाच, की शब्दात पी एकदाच आहे, आणि तो या घरात नाही. एकाच अक्षराचे दोन रंग नेहमी एकत्र वाचा.

दुसरा सापळा शेवटची चार घरं हिरवी झाल्यावर लागतो. ए-टी-सी-एच जमलं की हात आपोआप मॅच, कॅच, वॉच असे एकेक टाकत सुटतात. पण पर्याय सात आहेत: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. संधी मुळात सहाच, त्यातल्या दोन-तीन संपलेल्या. अशा वेळी उत्तराचा मोह सोडून ‘क्लॅम्प’ टाका, म्हणजे शिकंजा. एल, एम, पी यांचा निकाल त्यातच लागतो, आणि सी पहिल्याच घरात असल्यामुळे तो हिरवा झाला तर ‘कॅच’ हेही कळतं. एका डावात चार शब्द तपासले जातात. हार्ड मोड सुरू असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण तिथे हिरवी अक्षरं जागची हलवता येत नाहीत.

‘कलर’ आणि ‘फेवर’ आपण शाळेत यू घालून, सहा अक्षरी शिकलो. अमेरिकेत यू गळतो आणि ते पाच अक्षरी होतात. शब्द एका घराने जास्त भरत असेल तर हे आधी आठवा.

अर्थ लिहिताना मात्र मराठीतल्या ओळखीवर विसंबू नका. ‘हॉटेल’ आपल्याकडे मिसळ खायची जागा, इंग्रजीत मुक्कामाची. ‘ब्लॉक’ म्हणजे मुंबईत राहतं घर, इंग्रजीत ठोकळा, किंवा अडवणं. ‘लॉज’ म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडजवळची खोली आठवते, पण तोच शब्द क्रियापद झाला की तक्रार दाखल करणं. भाचीच्या वहीत आम्ही आता प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने आखले आहेत, एक आपल्याकडच्या अर्थाचा आणि एक इंग्रजी शब्दकोशातल्या अर्थाचा. ‘लॉज’पुढचे दोन्ही भरले आहेत, ‘बॅज’पुढचा मराठी रकाना तिने ‘बिल्ला’ लिहून स्वतःच भरला.