फ्लूची लस घेण्यापूर्वी व्यायाम कसा आणि किती करावा

मे महिना संपत आला की बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. ज्या दिवशी फ्लूची लस घ्यायची, त्या दिवशी नेहमीची फेरी मारावी की घरी पडून राहावे? प्रकृती ठीक असेल तर फेरी चुकवण्याचे काहीच कारण नाही. मात्र लसीचा चांगला उपयोग व्हावा म्हणून करायची तयारी त्या एका सकाळची नसते, ती कित्येक महिने आधी सुरू करावी लागते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात बैठे जीवन जगणाऱ्या ज्येष्ठांवर झालेला आणि 2009 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या बाबतीत सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात एका गटाने दहा महिने दम वाढवणारा व्यायाम केला, तर दुसऱ्या गटाने अंग मोकळे करण्याचे आणि तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम केले. लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता; परंतु 24 आठवड्यांनी पाहिले तेव्हा संरक्षण देण्याइतकी प्रतिपिंडे (रोगजंतूंना रोखणारी रक्तातील प्रथिने, म्हणजे अँटीबॉडीज) टिकून राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात अधिक होते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत डोके वर काढतो. जूनमध्ये घेतलेल्या लसीला 24 आठवडे होतात ते नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे नेमके थंडी सुरू होताना, आणि म्हणूनच हा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे.

तेव्हा आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे. सवय नसल्यास पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी बागेतून परतावे, आणि पावसाने बाग बंद झाली तर घरातच येरझाऱ्या घालून चालण्याचा वेळ भरून काढावा.

आता लसीच्या दिवसाविषयी. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2007 साली तरुण स्त्री-पुरुषांना लस टोचण्याच्या सहा तास आधी त्याच हाताचा वजन सावकाश खाली आणण्याचा व्यायाम दिला. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा त्याच्या तंतूंना किंचित इजा होते, तेथे सौम्य दाह निर्माण होतो आणि रोगप्रतिकारक पेशी त्या जागी गोळा होतात. त्याच वेळी लस आली तर या पेशी ती लवकर ओळखून काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे प्रतिपिंडे बनण्याचे काम जिथे सुरू होते तिथे, पोहोचवतील, अशी त्यामागची कल्पना होती. स्त्रियांमध्ये प्रतिपिंडे वाढलेली आढळली, पुरुषांमध्ये पेशींचा प्रतिसाद वाढला. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र असा लाभ दिसला नाही, म्हणून हा व्यायाम ऐच्छिक समजावा.

करायचाच असेल तर लस दुपारी घ्यावी आणि व्यायाम सकाळी करावा. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली लस घ्यायच्या हातात धरावी, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावा आणि मनात पाच आकडे मोजत खाली आणावा. असे दहा वेळा करून दोन मिनिटे थांबावे आणि आणखी दोनदा तेच करावे. खांदा आखडलेला असेल त्यांनी हे करू नये.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे जोर-बैठकांचे प्रेम आपल्या अनेक घरांत पिढीजात आहे. माझ्या सासऱ्यांनी लसीच्या सकाळी उत्साहाच्या भरात रोजच्या दुप्पट जोर काढले, आणि रात्री त्यांना सदऱ्याच्या बाहीत हात घालता येईना. ते दुखणे लसीचे की जोरांचे, हे आम्हाला कळेना, आणि सगळी रात्र काळजीत गेली. त्या दिवशी नवा किंवा नेहमीपेक्षा जड व्यायाम करू नये.

लसीनंतरचा व्यायामही उपयोगी ठरू शकतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या 2022 सालच्या अभ्यासात लस घेतल्यावर लगेच 90 मिनिटे हलका ते मध्यम व्यायाम करणाऱ्यांची प्रतिपिंडे चार आठवड्यांनी अधिक आढळली, दुष्परिणाम वाढले नाहीत. 45 मिनिटांत मात्र तो लाभ मिळाला नाही. ज्यांना दीड तास चालण्याची सवय आहे, त्यांनी दवाखान्यात पंधरा-वीस मिनिटे बसून, चक्कर येत नाही याची खात्री करून मग चालायला निघावे. बाकीच्यांनी आपली नेहमीची फेरी मारावी.

ताप असेल तर व्यायाम टाळावा आणि लसीची तारीख डॉक्टरांना विचारून पुढे ढकलावी. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. व्यायाम राहून गेला म्हणून मात्र लस लांबणीवर टाकू नये, कारण तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तोवर पाऊस सुरू झालेला असतो. दुसऱ्या दिवशी दंड दुखला तरी हात जखडून न ठेवता पोळ्या लाटणे, कपडे वाळत घालणे अशी हलकी कामे चालू ठेवावीत. दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते.