पिट्सबर्गला राहायला जाताय? नुसतं भाडं बघण्याची चूक टाळा

पिट्सबर्गला नोकरी किंवा एमएससाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: भाडं किती? न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या मानाने ते कमी आहे, हे खरंच. पण हिशोब तिथेच थांबवला की जानेवारीत पोटात गोळा येतो.

कारण बहुतेकदा घर गरम ठेवणाऱ्या गॅसचं बिल. इथली पुष्कळ घरं शंभर वर्षं जुनी, विटांची. दिसायला देखणी, पण खिडक्यांच्या फटींतून गार वारं आत येतं. ऑगस्टमध्ये घर पाहताना यातलं काही जाणवत नाही. म्हणून सही करण्याआधी घरमालकाला सरळ विचारा, हीटिंग भाड्यात धरलंय का? नसेल तर मागच्या जानेवारी-फेब्रुवारीची बिलं बघायला मागा. राहायला गेल्यावर बिल फुगलंच, तर आधी फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) फिल्टर बदला, खिडक्यांना प्लास्टिकची फिल्म लावा. गॅस कंपनीकडे बजेट बिलिंगही मागता येतं. त्याने वर्षाचा खर्च कमी होत नाही, पण बारा महिन्यांत सारखा विभागला जातो.

दुसरी चूक स्थानिक कर विसरण्याची. पेनसिल्व्हेनिया राज्याचा 3.07 टक्के कर सगळेच धरतात. शहराच्या हद्दीत राहिलात तर पगारावर आणखी 3 टक्के जातात, शहर आणि शाळा मिळून. आसपासच्या बऱ्याच उपनगरांत हा कर साधारण 1 टक्का असतो. म्हणजे वर्षाला 60,000 डॉलर पगारावर महिन्याला 100 डॉलरचा फरक. दुसऱ्या राज्यातल्या कंपनीसाठी घरून काम करत असाल तर पे-स्लिप नीट तपासा. कंपनी हा स्थानिक कर कापत नसेल तर तो तुम्हालाच दर तिमाहीला भरावा लागतो.

पण ते 100 डॉलर वाचवायला उपनगरात गेलात की गाडी आली, तिचा इन्शुरन्स आला, दरवर्षीचं इन्स्पेक्शन आलं. मला विचाराल तर पहिलं वर्ष गाडीशिवाय काढा. शहरातल्याच स्क्विरल हिल या वस्तीतून विद्यापीठांच्या ओकलंड भागात 61 नंबरच्या बस जातात, तिकीट 2.75 डॉलर.

किराण्याची फार धास्ती नको. सेल्स टॅक्स 7 टक्के असला तरी डाळ-तांदूळ, भाजी आणि कपड्यांवर तो लागत नाही. हॉटेलात मात्र लागतो.

डिपॉझिट पहिल्या वर्षी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं, दुसऱ्या वर्षापासून एकाच महिन्याचं. जास्तीचे पैसे मागून घ्या. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या; त्यानंतर 30 दिवसांत पैसे किंवा नुकसानीची यादी तुमच्या हातात यायला हवी.