जुनी पिकअप चढाला ओढत नाही: दोष डिझेलचा की पाण्याचा, हे कसं ओळखावं

कोरेगावचं आलं असो, तासगावची द्राक्षं असोत की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपची गॅरेजमधली तक्रार बहुतेक वेळा चार शब्दांत संपते: "गाडी चढाला ओढत नाही." मग आधी डिझेल फिल्टर बदलतात, नंतर टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, नंतर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर खोलायला निघतात. हजारो रुपये गेल्यावर कळतं की इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर आतून क्षारांनी बुजला होता. उलटंही घडतं. पाण्याची सगळी कामं करून झाल्यावर टाकीतली जाळी चोक निघते.

सुटा भाग विकत घेण्याआधी दोष डिझेलच्या बाजूला आहे की पाण्याच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या बाजूला, ते ठरवा, एवढंच मला सांगायचं आहे. त्यासाठी लागणारी बरीचशी तपासणी गाडीमालक स्वतः करू शकतो. एक टॉर्च, छोटा आरसा, काचेची स्वच्छ बाटली, जाड पुठ्ठा, फडकं आणि साधे पाने पुरतात.

सुरुवात पाण्यापासून करा. डिझेलच्या दोषानं बहुतेक वेळा गाडी नुसती बंद पडते. पाण्याच्या दोषानं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं आणि खर्च थेट इंजिनकामावर जातो. दुसरं असं की, कॉमन रेल इंजिनाचं (म्हणजे रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाचं) तापमान प्रमाणाबाहेर गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, स्वतःहून डिझेल कमी सोडतो. चालकाला वाटतं डिझेल पोचत नाही, आणि खरं तर गाडी तापलेली असते.

सकाळी, चावी फिरवण्याआधी

रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा निळा ओला डाग दिसला तर ते कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव. काळा, चिकट डाग ऑइलचा. एसी असलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी पडलं असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

आता रेडिएटरचं झाकण उघडा, पण इंजिन पूर्ण थंड असेल तरच. गरम इंजिनाचं झाकण कोणत्याही कारणानं उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उकळत तोंडावर येतं आणि माणूस गंभीर भाजतो.

झाकणाखाली पाणी तांबूस गढूळ असेल तर गाडीत बराच काळ कूलंटऐवजी साधं पाणी घातलं गेलंय आणि आत गंज धरलाय. तोंडाशी पांढरा कडक थर असेल तर तो क्षारांचा. सांगलीच्या पूर्व भागात, जत-कवठे महांकाळकडं, बोअरचं पाणी क्षारांचं असतं. असं पाणी रोज तांब्यानं ओतत राहिलं की रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बंद होतात. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्या.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून पाहा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी सुरूच करू नका. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, म्हणजे फीड पंप किंवा इंजेक्टरकडं पाहायचं. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी मलई दिसली तर घाबरू नका. थंडीत जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेनं तेवढं होतं.

यानंतरची जागा बरेच जण पाहतच नाहीत. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, हा त्याचा उपयोग. गाडी चालताना इथून झिरपणारं पाणी गरम ब्लॉकवरच वाळून जातं, त्यामुळं पुठ्ठा कोरडा राहतो आणि "गळती कुठंच नाही" असं वाटतं. आरसा धरून टॉर्च मारा. छिद्राखाली पांढरट-हिरवट पापुद्र्याची रेघ उतरलेली दिसली की पंप बदलायला आला. ते छिद्र बुजवू नका. बुजवलं की पाणी बेअरिंग खातं.

होस पाईप दाबून पाहा. भेगाळलेला, फुगलेला किंवा लिबलिबीत झालेला पाईप बदला. पंपाचा पट्टा ढिला, चकचकीत किंवा तडकलेला असेल तर तोही.

रेडिएटरच्या झाकणाकडं दुर्लक्ष नको. बहुतेक गाड्यांचं झाकण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं आणि त्यामुळं पाणी उशिरा उकळतं. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथं उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. चांगलं झाकण असेल तर हीच मर्यादा ११५ च्या पुढं जाते. रबर गेलेलं झाकण घेऊन वाईहून पसरणी घाट चढणाऱ्या गाडीचं इंजिन धडधाकट असूनही पाणी उकळू शकतं. रबर चिरलेलं, स्प्रिंग मऊ पडलेली दिसली तर त्याच दाबाचं नवं झाकण घ्या. दाबाचा आकडा झाकणावरच छापलेला असतो. गाडी थंड झाल्यावर होस पाईप आत चेपलेला दिसत असेल तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकलाय.

गाडी सुरू करून

गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, बाह्या आवरा, फॅनपासून लांब उभे राहा. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे सतत येत राहिले आणि रेस दिल्यावर पाणी उसळून बाहेर आलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. लगेच बंद करा. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर तीही तीच खूण. गॅरेजमध्ये निळं द्रावण असलेला टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर धरतात. गॅस असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी करून घ्याच.

पाणी कमी होतंय, बाहेर गळती नाही, ऑइल स्वच्छ आहे आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, अशा वेळी गॅस्केटवरच खापर फोडू नका. ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा भाग) असलेल्या गाड्यांत तो आतून फुटला तरी हेच दिसतं.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह. झाकण लावून इंजिन गरम होऊ द्या आणि वरच्या होसवर अधूनमधून हात लावा. बराच वेळ तो कोमट राहून मग एकदम गरम व्हायला हवा. साधारण ८० अंशांच्या पुढं थर्मोस्टॅट उघडतो तो हा क्षण. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चाललाय आणि होस मात्र थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत हवा कोंडलीय. आपल्याकडं थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे, ती चुकीची आहे. इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून रेडिएटरकडं पाणी कमी जातं.

गाडी कधी तापते, हेही नीट आठवा. उभ्या गाडीत, कारखान्यासमोरच्या रांगेत तापत असेल आणि रस्त्याला लागल्यावर काटा खाली येत असेल, तर फॅन. व्हिस्कस फॅन (इंजिनावरच फिरणारा, तापल्यावर पकड घेणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पातं हातानं फिरवा. त्याला जडपणा हवा. भिरभिरत राहिला तर गेला. इलेक्ट्रिक फॅन मात्र इंजिन बंद असतानाही सुरू होतो, त्याला हात लावू नका. त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. उलट सपाटीला ठीक आणि पुण्याहून भरून येताना खंबाटकीला तापते, तर रेडिएटर बुजलाय किंवा पंप पाणी फिरवत नाही. आधी बाहेरून पाहा: ऊस वाहणाऱ्या गाडीत पाचटाचा भुसा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीत घट्ट बसतो. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं साध्या पाइपानं धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या धारेनं रेडिएटरच्या पातळ पट्ट्या (फिन्स) मुडपतात.

आता डिझेल

पाण्याची बाजू निर्दोष ठरली की धुराकडं पाहा. चढावर ओढ नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. ओढ नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे हवा पोचत नाही किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा होस पाहा. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. निळसर धूर ऑइलचा.

मग काचेची बाटली घ्या. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीभर डिझेल काढा आणि अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. तळाला काळपट, बुळबुळीत गाळ असेल तर पाणी बरेच दिवस टाकीत आहे आणि त्यात जंतू वाढलेत. हंगाम संपल्यावर अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते.

सकाळी सुरू व्हायला खूप स्टार्टर खाते आणि एकदा सुरू झाली की ठीक चालते, अशी गाडी बहुधा डिझेलच्या नळीत हवा घेते. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणून तिथं भेग असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. शहाळ्यातली नळी वर चिरली की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडा वेळ डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी जोडून पाहा. बुडबुड्यांची रांग दिसली की मागं सरकत तांब्याचे वॉशर, रबरी नळ्या आणि क्लिपा तपासा.

वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडते आणि थोडं थांबल्यावर परत सुरू होते? बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास, म्हणजे हवा आत जायची वाट, बुजलाय. आवाज आला नाही तर आतली जाळी किंवा तळाचा कचरा तपासा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टर बदलल्यावर हवा काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. पंपावरच्या स्क्रूलाही तसंच. तरीही सुरू होत नसेल तर या जुन्या गाड्यांत मिस्त्री इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मारतो.

कॉमन रेल गाडीत इंजेक्टरच्या पाइपाला असा पाना लावू नका. तिथला दाब हजार बारच्याही पुढं जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत शिरलंय हे डॉक्टरांना सांगा. या गाड्यांत स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. तेवढ्यावर महागडा पंप घेऊ नका. फिल्टर, हवा आणि इंजेक्टरची रिटर्न (न वापरलेलं डिझेल परत येण्याची) चाचणी आधी. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावतात. एखादीच लवकर भरली तर दोष त्या इंजेक्टरचा.

घाटातच तापली तर

काटा लाल रेषेकडं जाताना दिसला की एसी बंद करा आणि सुरक्षित जागी बाजूला घ्या. पट्टा शाबूत असेल आणि पाणी बाहेर पडत नसेल तर दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू ठेवा, काटा उतरतो. नाहीतर लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. पाऊण तास थांबावंच लागतं. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर गाडी सावरली असं समजू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं सांगतो. अशी गाडी टोचन करूनच न्या.

वाटेत अडचणीला साधं पाणी घातलं तर चालेल, पण परतल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. नुसत्या रंगावर जाऊन वेगवेगळी कूलंट मिसळू नका. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं तेच घ्या. भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, हवा निघून पातळी उतरली की उरलेलं भरा, मग झाकण लावा. काढलेलं जुनं कूलंट ओढ्यात, गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नका. त्याची चव गोड असते, कुत्री आणि जनावरं ते पितात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या.